दोन तारा जुळतात तेव्हा नेमकं काय होतं?

मैफल सुरू व्हायच्या आधीची दहा मिनिटं. पडद्यामागे कुणीतरी तानपुऱ्याला कान लावून बसलेलं असतं. मधल्या दोन तारा पाठोपाठ छेडल्या जातात आणि दोघींचा मिळून एक डोलणारा आवाज निघतो: वाँऊ, वाँऊ, वाँऊ. तारेवरचा मणी केसभर सरकवला की डोलणं संथ होतं. आणखी केसभर सरकवला की एका हेलकाव्याला तीन-चार सेकंद लागायला लागतात. मग हेलकावा उरतच नाही. दोन तारा वाजत असतात, पण ऐकू येतो एकच भरीव सूर. बसलेला माणूस मान हलवतो: "लागला."

मराठीत तारा जुळतात, सूर जुळतात, मनं जुळतात आणि लग्नंही जुळतात. क्रियापद एकच. हे क्रियापद आपण इतक्या सहज वापरतो की तारांच्या बाबतीत तरी त्याचा नेमका अर्थ काय, हे विचारायचं राहून जातं. तो अर्थ मोजता येण्याजोगा आहे, घरी करून बघण्याजोगा आहे आणि माणसांच्या जुळण्याबद्दल आपण जे गृहीत धरतो, त्यापेक्षा थोडा वेगळा आहे.

तार हलते, हवा तिथेच राहते

पंढरपूरच्या दर्शनबारीत मागून एक धक्का येतो. तो माणसामाणसातून पुढे सरकत थेट पुढच्या टोकाला पोचतो, पण माणसं असतात तिथेच. प्रत्येक जण फक्त वीतभर पुढे झुकून परत मागे येतो. आवाज अगदी असाच जातो. तार हलली की तिच्याखालची लाकडी पाटी, म्हणजे तबली, हलते, तबली समोरच्या हवेला ढकलते आणि तो दाब पुढे सरकत जातो. तारेजवळची हवा तुमच्या कानापर्यंत येत नाही, येतो तो फक्त धक्का. २० अंश तापमानाच्या हवेत त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो.

असे धक्के सेकंदाला किती, यावर सूर ठरतो. पुरुष गायकांची नेहमीची पट्टी काळी एक (हार्मोनियमच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी) धरली, तर मध्य षड्जाला, म्हणजे मधल्या 'सा'ला, सेकंदाला साधारण १३८.६ कंपनं होतात. खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या 'सा'च्या तारेला त्याच्या निम्मी, म्हणजे ६९.३. गायिकांची पट्टी बहुधा काळी चार किंवा काळी पाच असते, म्हणजे २०७ ते २३३ कंपनं. पुढचं सगळं गणित काळी एकवर केलं आहे. पट्टी बदलली तरी तत्त्व तेच राहतं.

डोलणं कुठून येतं

नागपंचमीला एकाच फांदीला दोन झोके बांधलेले असतात. एकाचा दोर बोटभर लांब. दोन्ही एकदम सोडले तर सुरुवातीला बरोबर जातात. हळूहळू लांब दोराचा झोका मागे पडतो. काही वेळाने एक पुढे असताना दुसरा मागे असतो. आणखी काही वेळाने दोघं पुन्हा बरोबर येतात. झोके स्वतः बदललेले नसतात. बदलत असतं ते दोघांमधलं नातं.

तानपुऱ्याच्या मधल्या दोन तारांचं, म्हणजे जोडीचंही असंच. एक तार १३८.६ वर आहे आणि दुसरी १३९.६ वर. एका क्षणी दोघींचे धक्के एकाच वेळी कानावर येतात आणि आवाज मोठा होतो. अर्ध्या सेकंदाने एकीचा धक्का आणि दुसरीची ओढ एकाच वेळी येतात, आवाज बसतो. सेकंदाला एक फरक, म्हणून सेकंदाला एक हेलकावा. फरक पाचाचा असेल तर हेलकावे पाच. फरक खूप वाढला की कान हेलकावे मोजूच शकत नाही, त्याला आवाज खरखरीत वाटू लागतो. त्याहून वाढला की दोन वेगळे सूर ऐकू येतात.

थोडक्यात, हेलकावा हे फरकाचं माप आहे, आणि ते कुठल्याही यंत्राशिवाय मिळतं. अडचण एवढीच की हेलकाव्यांची संख्या फरक किती ते सांगते, कुठल्या बाजूला ते सांगत नाही. तार चढली आहे की उतरली आहे हे कळायला ती हलवून बघावी लागते. हेलकावे वाढले तर दिशा चुकली. इथे नवखा माणूस घाबरतो, कारण बरोबर करायला जाताना आधी बिघडल्यासारखं वाटतं. जाणकार मुद्दाम जरा बिघडवूनच बघतो.

दोन तारा तंतोतंत सारख्या कधीच होत नाहीत, ही गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. तानपुऱ्याची तार छेडल्यावर काही सेकंद घुमते. तेवढ्या काळात एकही पूर्ण हेलकावा ऐकू आला नाही, तर आपल्यापुरती ती जुळली. फरक शून्य झालेला नसतो. एकत्र वाजण्याचा जेवढा वेळ मिळतो, त्यात तो जाणवत नाही, एवढंच.

मोबाइलवरच्या ट्यूनरने काम होत नाही, त्याचं कारणही हेच. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले, तर असा एक भाग म्हणजे एक सेंट. काळी एकवर पाच सेंटचा फरक म्हणजे साधारण ०.४ कंपनं, म्हणजे दर अडीच सेकंदाला एक हेलकावा. बऱ्याच ॲपमध्ये एवढ्या फरकाला हिरवा दिवा लागलेला असतो. दिवा हिरवा आणि तानपुरा मात्र डोलतोय, असं होतं. ॲपने जोडीतल्या एका तारेचा षड्ज घ्यावा. बाकीच्या तीन तारा त्या तारेला ऐकून मिळवाव्यात.

वेगळ्या सुरांच्या तारा कशा जुळतात

दोन्ही षड्जाच्या तारा एकाच सुरात म्हणून जुळतात, हे समजतं. पण पंचमाची तार? ती तर वेगळ्याच सुरात आहे. खर्ज तर निम्म्या कंपनांवर. तरीही "तानपुरा जुळला" म्हणतात ते चारही तारांबद्दल.

तार एकच सूर देत नाही. ती पूर्ण लांबीत हलते, त्याच वेळी दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत, असं करत आणखी कितीतरी भागांत हलते. ६९.३ च्या खर्जाच्या तारेत १३८.६, २०७.९, २७७.२, ३४६.५ हे सूरही दडलेले असतात, दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट. आता पंचमाची तार १०३.९५ वर लावली, तर तिची चौपट होते ४१५.८. षड्जाच्या तारेची तिप्पटही ४१५.८. खर्जाची सहापटही ४१५.८. तिन्ही तारा आपापल्या मूळ जागी वेगळ्या आहेत, पण वर, बऱ्याच उंचीवर, एका जागी भेटतात.

पंचम अर्ध्या कंपनाने उतरला तर काय होतं बघा. चौपट करताना चूकही चौपट होते, म्हणजे वरच्या भेटीच्या जागी सेकंदाला दोन हेलकावे. पंचम लावताना म्हणूनच पंचमाचा ठोक आवाज ऐकत बसायचं नसतं. त्याच्या वर जी बारीक झुळझुळ चालते, तिथे कान न्यायचा. तिथला हेलकावा थांबला की खालचा पंचम आपोआप जागेवर असतो.

खर्जाच्या पाचपटीत जो सूर निघतो तो गंधार. कुठल्याच तारेवर गंधार लावलेला नसतो, तरी नीट जुळलेल्या तानपुऱ्यातून तो स्पष्ट ऐकू येतो. गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. किंचितही बेसूर तानपुऱ्यात तो दिसेनासा होतो, कारण तारांचे वरचे सूर एकमेकांवर हेलकावे घालत राहतात आणि गंधार त्यात विरतो. तानपुरा लागला की नाही, याची ही शेवटची परीक्षा.

हा गंधार हार्मोनियमच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंटने खाली असतो. हार्मोनियममध्ये सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, म्हणजे कुठल्याही पट्टीतून वाजवता येतं. त्याची किंमत अशी की पंचम जवळजवळ बरोबर येतो (फरक दोन सेंटचा), पण गंधार चढा येतो. काळी एकवर हार्मोनियमचा गंधार लांब धरला, तर तानपुऱ्यातल्या स्वयंभू गंधाराच्या वरच्या सुरांशी सेकंदाला साडेपाच हेलकावे होतात. गायक गंधारावर स्थिरावतो तेव्हा जाणकार संवादिनीवादक त्या पट्टीवरून हात हलका करतो किंवा काढतोच, ते यामुळे. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला दार बंद केलं आणि ते १९७१ नंतरच किलकिलं झालं. त्या वादात इतर बरंच काही होतं, पण हा चढा गंधारही होता. त्याच्या आधी, १९१० च्या सुमारास, कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी गायक उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर तारेच्या लांबीवर मोजून श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांची, जागा ठरवायचा प्रयत्न केला होता. खाँसाहेब पुढे मिरजेत राहिले. त्यांची कबरही तिथल्या मीरासाहेब दर्ग्यात आहे.

मिरजेची जवारी

खाँसाहेबांचं गाव मिरज हे योगायोगाने तानपुऱ्यांचंही गाव. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं बनवायला घेतली, ती आजही बनतात. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे येतात भीमाकाठच्या पंढरपूर, मंगळवेढा भागातून. सुकवलेला भोपळा, तुणाच्या लाकडाची दांडी आणि तबली, वर चार खुंट्या, आणि तबलीवर घोडी. तारा ज्या घोडीवरून जातात, तीच तानपुऱ्याचा जीव.

गिटारची घोडी धारदार असते. तार एका रेषेवर टेकते आणि सुटते. तानपुऱ्याची घोडी रुंद असते, दोन-तीन बोटं. वरचा पृष्ठभाग सपाट दिसतो, पण त्याला नखभरही नसलेला उतार असतो. हलणारी तार या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. टेकण्याची जागा मागेपुढे होत असल्यामुळे तारेची लांबी क्षणाक्षणाला बदलते आणि खालच्या कंपनांमधली शक्ती वरच्या सुरांमध्ये जाते. त्यामुळे तार छेडल्यावर आवाज नुसता विझत जात नाही, आधी उमलतो आणि मग विझतो. तारेचा जुना नियम सांगतो की तार बरोबर मध्यावर छेडली, तर दुपटीचा आणि चौपटीचा सूर निघायला नको, कारण त्यांच्यासाठी मध्य ही न हलणारी जागा असते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास दाखवून दिलं की तानपुरा आणि वीणेत हे सूर बिनदिक्कत निघतात, आणि याचं कारण घोडीचा आकार.

या घोडीवर तारेखाली एक सुती दोरा घालतात. एकेका तारेला स्वतंत्र. दोरा पुढेमागे सरकवत गेलं की एका जागी आवाज एकदम खुलतो. त्याच्या मिलीमीटरभर पुढे गेलं की आवाज दबतो, मागे आलं की कोरडा होतो. हेच जवारी लावणं. जवारी खुली की बंद, हा गाणाऱ्याच्या आवडीचा भाग आहे. वर्षा-दोन वर्षांच्या रोजच्या वापराने तारा घोडीत बारीक चरे पाडतात. मग दोरा कुठेही ठेवा, एक तार झणझणते आणि दुसरी मुकी राहते. अशा वेळी दोऱ्याशी झटापट करण्यात अर्थ नाही. कारागिराकडून घोडी कानसून घ्यावी. घरी पॉलिश पेपर घेऊन बसू नये, कारण उतार एकदा गेला की परत आणायला पूर्ण घोडी खाली घासावी लागते. पट्टी दोन स्वरांनी बदलली तरी जवारी बिघडते, कारण तारेचा ताण बदलून ती उतारावर वेगळ्या जागी टेकते. भावंडांपैकी एक काळी एकला आणि दुसरी काळी चारला गात असेल, तर एकाच तानपुऱ्यावर भागत नाही. पुरुषी तानपुरा साधारण पाच फुटांचा आणि बायकांचा चार फुटांच्या आसपास, हा फरक त्याचसाठी.

मिळवण्याचा क्रम

सगळे मणी घोडी आणि लंगोट (तारांची खालची टोकं जिथे अडकवतात ती जागा) यांच्या मध्यावर आणून ठेवा, म्हणजे दोन्हीकडे सरकवायला जागा राहते. मणी लंगोटाकडे ओढला की तार ताणली जाऊन सूर चढतो, घोडीकडे ढकलला की उतरतो. मोठा फरक खुंटीने, लहान मण्याने.

आधी जोडीतली एक तार ठरवलेल्या षड्जावर आणा. खुंटी पिळताना ती आत दाबत पिळा, नुसती फिरवली तर मागे घसरते. उन्हाळ्यात लाकूड सुकून खुंट्या सैल होतात, तेव्हा खुंटीला खडू घासतात. पावसाळ्यात त्या फुगून अडकतात आणि जोर केला की तार एकदम दोन स्वर चढून तुटते. तार चढली असेल तर थेट खाली आणून थांबू नका. सुराच्या थोडं खाली उतरवा आणि तिथून वर या. वरून उतरवलेली तार घोडीवर आणि खुंट्यांजवळच्या पट्टीवर अडकून राहते आणि पाच मिनिटांनी आपणहून सरकते.

मग दुसरी जोडीची तार पहिलीला. मग पंचम. शेवटी खर्ज. खर्जाची तार पितळी, जाड आणि सैल असते. तिला जोरात छेडलं की क्षणभर ताण वाढून ती चढी बोलते, मग खाली बसते. जोरात छेडून मिळवलेला खर्ज हळू वाजवला की उतरलेला वाटतो. जेवढ्या हळुवार हाताने गाण्यात वाजवणार, तेवढ्याच हाताने मिळवायचा. मालकंस रागात पंचम वर्ज्य, म्हणून पंचमाची तार मध्यमावर. मारव्यात आणि पुरियात ती निषादावर.

चारही लागल्यावर पुन्हा आधी लावलेल्या जोडीच्या तारेकडे या. खर्ज ताणल्यावर तबली किंचित दबलेली असते आणि आधीच्या तीन तारा केसभर उतरलेल्या असतात. चौघी एकाच घोडीवर बसलेल्या आहेत, एकीला हात लावला की तिघींना कळतं. दोन-तीन फेऱ्यांशिवाय तानपुरा जुळत नाही.

वाजवताना पंचम मधल्या बोटाने, उरलेल्या तीन तर्जनीने. बोटाच्या मांसल कडेने, तारेच्या मध्याच्या आसपास. आणि तबल्याच्या ठेक्यात अजिबात नाही. तानपुऱ्याची लय स्वतःची असते. ती ठेक्याला चिकटली की गाण्याला टेका मिळायच्या ऐवजी आणखी एक ताल सुरू झाल्यासारखं होतं.

न छेडलेली तार

हा प्रयोग करून बघाच. बोटाच्या पेराएवढा कागद मधोमध दुमडून जोडीच्या एका तारेवर, तिच्या मध्यावर, घोड्यावर बसवल्यासारखा ठेवा. आता दुसरी जोडीची तार छेडा. तारा जुळलेल्या असतील तर कागद थरथरतो, उडतो, खाली पडतो. त्या तारेला कुणी हात लावलेला नसतो. आता दुसरी तार अर्ध्या स्वराने उतरवून पुन्हा छेडा. कागद ढिम्म. आवाज तेवढाच मोठा, घोडी तीच, अंतर तेच.

हा अनुनाद. झोक्यावरच्या मुलाला कुणी जोर लावून ढकलत नाही. झोका परत आला की त्याच वेळी हलकासा हात लावतात. दहा वेळा असं केलं की झोका उंच जातो. भलत्या वेळी दिलेला मोठा धक्का झोका उलट थांबवतो. छेडलेली तार न छेडलेलीला सेकंदाला १३८ वेळा असा हलका हात लावत असते आणि दरवेळी तो नेमक्या वेळी पडतो. सतारीच्या आणि सारंगीच्या तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या न छेडलेल्या तारा, अशाच बोलतात.

कागदाच्या तारेवर तळहात ठेवून हा प्रयोग केला तर सूर जुळलेला असूनही काही होत नाही. दबलेली तार प्रतिसाद देत नाही. सुरात असणं आणि मोकळं असणं, दोन्ही लागतं. माणसांच्या बाबतीत आपण पहिल्याचाच फार विचार करतो, आवडी जुळतात का, स्वभाव जुळतात का. समोरच्यावर एखादा हात ठेवलेला आहे का, हे बघायला विसरतो.

तिसरी गरज म्हणजे दोघांना धरणारं काहीतरी. १६६५ मध्ये ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने एकाच आधाराला लटकवलेली लंबकाची दोन घड्याळं पाहिली. काही वेळाने दोन्ही लंबक आपोआप एका तालात, एकमेकांच्या उलट दिशेने, हलायला लागत. त्याने लय मोडली तरी अर्ध्या तासात पुन्हा तेच. आधार अगदी किंचित हलत होता आणि त्यातून एकाची बातमी दुसऱ्याला जात होती. तानपुऱ्यात हे काम घोडी करते. एकत्र गाणाऱ्या माणसांमध्ये श्वास करतो. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी २०१३ मध्ये समूहाने गाणाऱ्यांची नाडी मोजली, तेव्हा सलग, लांब ओळी गाताना सगळ्यांच्या हृदयाचे ठोके एकत्र वाढत आणि एकत्र मंदावत असल्याचं दिसलं. यात गूढ काही नाही. श्वास सोडताना ठोके मंदावतात, घेताना वाढतात, आणि ओळीने सगळ्यांना एकाच वेळी श्वास घ्यायला लावलेलं असतं.

उष्णता, दमटपणा आणि कोण कोणाकडे जातं

तापमान वाढलं की तार लांबते, ताण कमी होतो, सूर उतरतो. पितळ पोलादापेक्षा जास्त पसरतं, म्हणून खर्जाची तार जोडीच्या तारांबरोबर उतरत नाही. पोलादी आणि पितळी तारा वेगवेगळ्या उतरतात. बासरीचं उलटं. गरम हवेत आवाजाचा वेग अंशागणिक सेकंदाला ०.६ मीटरने वाढतो. नळीतली हवा दहा अंशांनी तापली की बासरी साधारण ३० सेंटने चढते. वातानुकूलित खोलीत जुळवलेली बासरी आणि तानपुरा प्रखर दिव्यांखाली आले, की एक वर जाते आणि दुसरा खाली. वाद्यं मंचावर अर्धा तास आधी नेऊन ठेवावीत आणि जुळवणी तिथेच करावी, ती यासाठी.

तबल्याला कातडं आहे, त्याला दमटपणा बाधतो. कातडं ओल धरून सैल होतं आणि सूर पडतो, मग बाजूचे लाकडी गट्टे ठोकून पुन्हा षड्जात आणतात. साध्या गोल कातड्याला मुळात सूर नसतोच. त्याची वरची कंपनं १.५९, २.१४, २.३० अशा वेड्यावाकड्या पटीत असतात, म्हणून ढोलाचा नुसता धमाका होतो. शाईचा, म्हणजे मधल्या काळ्या लेपाचा, थर मधोमध जाड आणि कडेला पातळ देत गेलं की हीच कंपनं दुप्पट, तिप्पट अशा सरळ पटीत येऊन बसतात, आणि तबला षड्जात बोलू लागतो. हेही रामन यांनीच १९२० मध्ये प्रथम मांडलं.

मंचावर कोण कोणाला मिळवून घेतं, याचा नियम साधा आहे. ज्याला हलता येत नाही, त्याच्याकडे बाकीचे जातात. हार्मोनियम असेल तर तानपुरा तिच्या षड्जाला. बासरी असेल तर बासरी फुंकून गरम झाल्यावर तानपुरा बासरीला. यात मोठेपणाचा प्रश्न येत नाही. मण्यावर केसभर सरकायची सोय ज्याच्याकडे आहे, तो सरकतो.

अंतर

आवाजाला ३४ मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. लहान खोलीत हे कळत नाही. लांबलचक दिंडीत कळतं. विणेकरी आणि पखवाज एका बाजूला, टाळकऱ्यांच्या रांगा शंभर मीटर पसरलेल्या. पखवाजाची थाप शेवटच्या रांगेला ०.३ सेकंद उशिरा पोचते. त्या रांगेने कानावर विसंबून टाळ वाजवला, तर त्यांचा आवाज पुढे यायला आणखी ०.३ सेकंद. सेकंदाला एक ठोका असलेल्या चालीत ही अर्ध्याहून जास्त मात्रा झाली. अशा वेळी भजन फाटतं, म्हणजे पुढची मंडळी एक आणि मागची दुसरंच म्हणत राहतात. मुरलेला टाळकरी कानावर न राहता पुढच्या रांगेतल्या हाताकडे आणि पावलाकडे बघतो. प्रकाशाला उशीर होत नाही.

व्हिडिओ कॉलवर मात्र प्रकाशालाही उशीर होतो. पुण्याहून कॅलिफोर्निया साधारण साडेतेरा हजार किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे यंत्रांचा उशीर धरला नाही, तरी एका बाजूने ६५ ते ७० मिलिसेकंद. एकत्र वाजवताना २५-३० मिलिसेकंदांपुढचा उशीर लय खेचू लागतो. गणपतीत परदेशातल्या मुलांबरोबर कॉलवर आरती म्हणताना प्रत्येकाला दुसरा मागे पडलाय असं वाटतं, म्हणून दोघंही थांबतात, वाट बघतात आणि आरती रडतखडत जाते. हे नेटचं पॅकेज वाढवून सुटणार नाही. एकाने माइक चालू ठेवून म्हणावं, बाकीच्यांनी आपापल्या घरी माइक बंद करून साथ द्यावी.

शिकवणी मात्र छान चालते, कारण आपल्याकडे शिकवण्याची रीतच आधी गुरूने आणि मग शिष्याने म्हणायची आहे. उशीर दोन ओळींच्या मधल्या पोकळीत विरून जातो. फक्त तानपुरा दोन्हीकडे वेगवेगळा लागतो, एकाच पट्टीत मिळवलेला. एकाच बाजूने तानपुरा लावला तर दुसरीकडे तो तुटक ऐकू येतो किंवा अजिबात पोचत नाही. कॉलचं सॉफ्टवेअर सतत चालणारा, न बदलणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर समजतं आणि पुसून टाकतं. बऱ्याच ॲपमध्ये 'ओरिजिनल साउंड' किंवा संगीतासाठीची तशीच सोय असते, ती दोन्ही टोकांना चालू करावी आणि हेडफोन वापरावेत. मग शिष्याचा गंधार किती उतरा लागतोय, हे सात समुद्रांपलीकडूनही ऐकू येतं.